मदत हवी आहे: अर्जात एच-इंडेक्स नेमका कोणता लिहावा?

सरासरी
नमस्कार. सहयोगी प्राध्यापकपदाच्या अर्जात एच-इंडेक्सचा (संशोधन लेखांच्या प्रभावाच्या निर्देशांकाचा) रकाना असून अर्ज सोमवारी पाच वाजेपर्यंत पाठवायचा आहे. गुगल स्कॉलर या लेखशोधाच्या संकेतस्थळावर १३ दिसतो, स्कोपस या संशोधन लेखांच्या सूचीवर मात्र ५ आणि ६ असे दोन आकडे आहेत. त्यांची बेरीज करून ११ लिहिले तर चालेल का? कृपया लवकर सांगावे.

गोदाकाठ
एकाच व्यक्तीचे स्कोपसवर दोन आकडे कसे? विषयही आपण लिहिलेला नाही.

सरासरी
विषय संख्याशास्त्र. आडनाव बदलल्याने स्कोपसवर माझी दोन खाती झाली आहेत. लग्नाआधीचे सहा लेख माहेरच्या आडनावाने आहेत आणि ते सोयाबीनच्या क्षेत्रप्रयोगांवरचे आहेत. नंतरचे सात सासरच्या आडनावाने असून त्यांतले बहुतेक कुपोषणावरच्या वैद्यकीय अभ्यासांचे आहेत. त्यांपैकी एकाला २१२ सायटेशन (इतर लेखांत आलेले त्याचे संदर्भ) मिळाली, पण त्याच्या अकरा लेखकांत मी चौथी आहे. ज्या शुद्ध संख्याशास्त्रीय लेखासाठी तीन वर्षे खर्ची घातली, त्याला दोनच मिळाली आणि त्यांतले एक माझेच आहे.

निवृत्त ग्रंथपाल
ताई, बेरीज मुळीच करू नका. सर्व लेख सायटेशनच्या उतरत्या क्रमाने मांडावेत आणि ज्या क्रमांकापर्यंत सायटेशनची संख्या त्या क्रमांकाइतकी किंवा अधिक आहे, तो क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. दोन्ही खात्यांतले आकडे इथे दिल्यास मोजून सांगतो.

सरासरी
जुने खाते: ३०, १४, ९, ७, ५, ३. नवे खाते: २१२, ४०, ११, ८, ७, ६, २.

निवृत्त ग्रंथपाल
एकत्र मांडल्यावर क्रम असा लागतो: २१२, ४०, ३०, १४, ११, ९, ८, ७, ७, ६, ५, ३, २. सातव्या लेखाला ८ सायटेशन आहेत, आठव्याला ७; म्हणून एच-इंडेक्स ७. २१२चे २,००० झाले तरी तो ७च राहील.

प्रमेय
मुळात हा आकडा आपल्यासारख्यांसाठी निरर्थक आहे. २००५ साली हा निर्देशांक मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनीच त्या लेखात भौतिकशास्त्रातील एडवर्ड विटन यांचा ११०, तर जीवशास्त्रातील सॉलोमन स्नायडर यांचा १९१ दाखवला होता. म्हणजे विषय बदलला की मोजपट्टीच बदलते. वैद्यकातले सायटेशन आणि संख्याशास्त्रातले सायटेशन एकाच टोपलीत टाकून काय कळणार? मी तर रकाना रिकामा ठेवून सोबत विषयनिहाय प्रमाणित आकडा देईन, ज्यात १ म्हणजे त्या विषयाची जागतिक सरासरी असते.

निवृत्त ग्रंथपाल
तुमचे तत्त्व मान्य आहे, पण रिकामा रकाना पाहून छाननी करणारा कारकून अर्ज बाजूला ठेवील, तेव्हा हिर्श मदतीला येणार नाहीत.

ऑर्किडप्रेमी
सर्व दुखण्यांवर एकच औषध आहे: ऑर्किड (ORCID). २०१२पासून संशोधकांसाठी ही सोळा अंकी ओळख उपलब्ध आहे आणि नाव बदलले, वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे आले किंवा आडनाव आधी छापले गेले तरी ती बदलत नाही. आजच काढा.

गोदाकाठ
ऑर्किड अवश्य काढावे, पण त्याने सोमवारचा अर्ज सुटत नाही. स्कोपसकडे दोन्ही खाती एकत्र करण्याची विनंती करता येते. मात्र दुरुस्ती तातडीने होईल या भरवशावर राहू नये.

शोधयात्री
सायटेशन वाढवायची असतील तर मुक्त प्रवेशाच्या (वाचकांना मोफत असलेल्या) नियतकालिकांत लेख द्यावेत. लेखकाला शुल्क जास्त असले तरी वाचक पुष्कळ मिळतात.

प्रमेय
हे कोणी विचारले होते?

निवृत्त ग्रंथपाल
ताई, पद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार असेल, तर मुख्य अडसर वेगळाच आहे. थेट भरतीत सहयोगी प्राध्यापकासाठी किमान सात प्रकाशने आणि ७५ संशोधन गुण लागतात. त्या गुणांत सायटेशन धरतच नाहीत. अकरा लेखकांत चौथ्या लेखकाला, तो पत्रव्यवहार करणारा लेखक नसल्यास, त्या लेखाच्या गुणांपैकी ३० टक्केच मिळतात. २१२चा आनंद बाजूला ठेवून आधी ती बेरीज तपासा.

सरासरी
ती तपासली, ८१ होते. आणि सांगायला संकोच वाटतो, पण अर्जाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत "एच-इंडेक्स स्कोपसनुसार" असे छापलेले आत्ता दिसले.

निवृत्त ग्रंथपाल
मग ७ लिहा, कंसात "दोन खाती एकत्र मोजून" अशी नोंद करा, आणि दोन्ही खात्यांच्या छापील प्रती व आडनावबदलाचे राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र जोडा. गुगल स्कॉलरचा १३ लिहू नका, कारण त्यात प्रबंध आणि परिषदांतले निबंधही मोजले जातात.

सरासरी
तसेच करते. मनःपूर्वक आभार.

शेतकरीपुत्र
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण सोयाबीनच्या त्या प्रयोगांत ओळींतील अंतर किती ठेवले होते?