मदत हवी आहे: एक्मोवरच्या बाळाला हृदयाची औषधे कशासाठी?

निशिगंध
हृदयशस्त्रक्रियेनंतर माझे बाळ तीन दिवस एक्मोवर, म्हणजे हृदय-फुप्फुसांचे काम शरीराबाहेरून करणाऱ्या यंत्रावर आहे. हृदयाचे काम यंत्रच करत असेल, तर मिलरिनोन हे हृदयाचे औषध अजून का चालू आहे आणि काल वाढवलेला डोस आज निम्म्यावर का आणला? संध्याकाळी डॉक्टर भेटणार आहेत, कृपया त्याआधी सांगा.

अतिदक्षता_परिचारिका
ताई, बाळाचे वजन किती, एक्मो व्हीए (हृदय आणि फुप्फुसे दोन्हींना आधार देणारा) आहे की व्हीव्ही (फक्त फुप्फुसांना आधार देणारा) आणि लघवी किती होते आहे, हे कळल्याशिवाय काहीही सांगणे धोक्याचे आहे.

लेकीचा_बाबा
आमच्या लेकीचे मिलरिनोन पहिल्याच दिवशी थांबवले होते आणि हृदयाला खरी विश्रांती त्यामुळेच मिळाली. तुम्हीही बंद करण्याचा आग्रह धरा.

औषधनिर्माता
उलट डोस वाढवायला सांगा, कारण एक्मोच्या नळ्या आणि ऑक्सिजनेटर (रक्तात ऑक्सिजन मिसळणारा भाग) औषध शोषून घेतात. हृदयाचे ठोके नियमित करणाऱ्या अमिओडेरोनचे तर विशेषच पाहावे लागते.

अतिदक्षता_परिचारिका
अमिओडेरोनचा प्रश्न ताईंनी विचारलेलाच नाही. नळ्यांना प्रामुख्याने फेंटानिल (वेदनाशामक), मिडाझोलाम (गुंगीचे औषध) यांसारखी स्निग्धविद्राव्य, म्हणजे चरबीत विरघळणारी औषधे चिकटतात. मिलरिनोन त्या मानाने फारच कमी. आणि बाबा, एका बाळाचा अनुभव दुसऱ्याला लावून औषध बंद करायला सांगू नका, ही कळकळीची विनंती.

निशिगंध
वजन ३.१ किलो, व्हीए. काल दुपारपासून लघवी जवळजवळ नाही. हे महत्त्वाचे असेल असे वाटले नव्हते.

अतिदक्षता_परिचारिका
तेच सर्वांत महत्त्वाचे आहे, ताई. मिलरिनोन मुख्यत्वे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. लघवी थांबली की ते साचते आणि रक्तदाब घसरू शकतो, म्हणून बहुधा डोस कमी केला असावा. औषध चालू का, तर व्हीए एक्मो रक्त महाधमनीत ढकलते आणि त्या दाबाविरुद्ध बाळाच्या थकलेल्या डाव्या कप्प्याला झडप उघडावी लागते. ती उघडली नाही तर कप्पा फुगतो, फुप्फुसांत पाणी साचते आणि आत साकळलेल्या रक्ताची गुठळी होऊ शकते. मिलरिनोन आकुंचनाला बळ देते, रक्तवाहिन्याही सैल करते. त्यामुळे 'यंत्र आहे, मग औषध नको' हा हिशेब इथे चालत नाही. एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) महाधमनीची झडप उघडते का आणि क्रिअॅटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) किती आहे, एवढे दोन प्रश्न संध्याकाळी नक्की विचारा.

लेकीचा_बाबा
आमच्या लेकीची लघवीही तेव्हा थांबली होती, हे आत्ता आठवले. माझा आग्रह मी मागे घेतो.

निशिगंध
एको सकाळीच झाला, पण झडपेबद्दल मी विचारलेच नव्हते. दोन्ही प्रश्न लिहून घेतले आहेत.