शेवटचे दहा किलोमीटर

‘मॅरेथॉन म्हणजे निव्वळ जिद्द, श्रद्धेचा तिथे काय संबंध?’ असं एकाने विचारलंय. जिद्दीचं पटतं, भर पावसात पहाटे उठून बूट चढवायला तीच लागते. पण एक मुद्दा राहिलाय. नवख्यांच्या बहुतेक वेळापत्रकांत सरावातली सर्वांत लांब धाव ३०-३२ किलोमीटरचीच असते, कारण त्याहून जास्त धावलं तर थकवा भरून निघायला फार दिवस जातात. म्हणजे पहिल्या मॅरेथॉनमध्ये ४२.१९५ मधले शेवटचे दहा किलोमीटर आपण आधी कधी धावलेलोच नसतो. तिथे श्रद्धाच लागते, केलेल्या सरावावरची.

मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ नेमका याच टप्प्यात येतो. ऊन वर आलेलं, पोटऱ्यांत गोळे, आणि कडेला उभी अनोळखी माणसं संत्र्याच्या फोडी, मीठ पुढे करत असतात. आमच्या घरात वारी आहे, त्यामुळे माझ्या तोंडी आपोआप विठ्ठल आला. ‘विठ्’ला डावं पाऊल, ‘ठल’ला उजवं. दम तेवढाच लागला, पण थांबावंसं वाटलं नाही. नव्याने सुरू करणाऱ्यांनो, रविवारची लांब धाव तेवढी चुकवू नका.