रविवारचे पाहुणे: पाऊण की पावणेदोन?

वाहनव्यवस्था:
सप्रेम नमस्कार. तिघे कलाकार दुबईहून रविवारी सकाळी पावणेनऊला निघून त्याच दिवशी दुपारी पाऊण वाजता सॅन फ्रान्सिस्कोला उतरतील, असे तिकिटावर छापले आहे. चिटणिसांच्या तक्त्यात मात्र पावणेदोन आहे. सनीव्हेलला पडदा पाच वाजता उघडायचा असल्यामुळे गाड्या ठरवण्यापूर्वी हा एक तास मिटवावा, ही विनंती.

चिटणीस:
सर्वांना पाठवण्याआधी मला विचारले असते, तर बरे झाले असते. दुबई आपल्यापुढे ११ तास आहे आणि सुमारे १३,००० किलोमीटरच्या त्या उड्डाणाला १६ तास लागतात; बेरीज कोणीही करावी, पावणेदोनच येतात.

फ्रीमाँटच्या वहिनी:
चिटणीसभाऊ, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे २ वाजता आपली घड्याळे एक तास मागे जातात आणि तेव्हा विमान वाटेत असेल. निघताना ११ तासांचा असलेला फरक उतरताना १२ तासांचा होतो, म्हणून पाऊण. तिकिटावर वेळ नेहमी त्या त्या विमानतळाची असते. मागे याच रविवारी निम्मे प्रेक्षक तासभर आधी येऊन मध्यंतराचे बटाटेवडे संपवून बसले होते, हे स्वयंपाकघरातील मंडळींना आठवत असेल.

कुपर्टिनोचे काका:
मुळात दुबईमार्गे का? मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर, तर दुबईवरून ते १५,००० च्या आसपास जाते. शिवाय वाऱ्याचा विचार कोणीच केलेला नाही. एअर इंडियाने २०१६ मध्ये दिल्लीचे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून आणले, तेव्हा सुमारे १,४०० किलोमीटर जास्त उडूनही पाठीशी वारा मिळाल्यामुळे प्रवास लवकर संपू लागला. तेव्हा १६ तास हा आकडा आला कोठून?

खजिनदार:
काका, दुबईमार्गे तिकिटे स्वस्त होती आणि ती कार्यकारिणीच्या संमतीनेच काढली आहेत. तो विषय पुन्हा नको. वाऱ्याचे म्हणाल, तर दुबईहून येणारे विमान सहसा इराण आणि रशियावरून ध्रुवाजवळ चढते आणि कॅनडावरून खाली उतरते. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा तेथे बव्हंशी आडवा लागतो, त्यामुळे दिल्लीच्या विमानाला झाला तसा लाभ येथे होत नाही.

कुपर्टिनोचे काका:
संमतीच्या बैठकीला मला बोलावणे नव्हते, एवढेच नमूद करतो.

वाहनव्यवस्था:
पाऊण धरतो. पासपोर्टची रांग आणि सामान यांत दीड तास गेला, तर सव्वादोनला बाहेर, आणि १०१ क्रमांकाच्या महामार्गावर गर्दी असली तरी साडेतीनपर्यंत सभागृहात. चिटणिसांनी तक्ता बदलून पाठवावा. तानपुरा पेटीत आहे की गवसणीत, हे सांस्कृतिक समितीने आजच कळवावे. पेटी असेल, तर मागची बाकडी दुमडता येणारी मोठी गाडी लागेल आणि तशी गाडी फक्त काकांकडे आहे.