डेव्हनच्या किनाऱ्यावर सापडलेले हे अवशेष मॉर्टरच्या (उखळी तोफेच्या) गोळ्याचेच आहेत का?

सागरवेळ:
आम्ही इंग्लंडमध्ये उत्तर डेव्हनला राहतो. वादळानंतर सॉन्टन सँड्सवर, ब्राँटन बरोजच्या वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, एक गंजलेली आखूड नळी उघडी पडलेली दिसली. तिला पत्र्याचे पंख असून कडेने बारीक गोल भोके आहेत. थोड्याच अंतरावर पेरूएवढ्या जाडीचे, अर्धे वाळूत रुतलेले दुसरे लोखंड आहे. हात न लावता छायाचित्रे घेतली आहेत. हे नेमके काय असावे, आणि नळी तेवढी घरी नेता येईल का?

जुना पायदळी:
नळी मॉर्टरच्या गोळ्याची शेपटीच आहे. तिच्यातील काडतूस पेटले, की त्याचा वायू या भोकांतून बाहेर पडून गोळ्याला वर फेकतो. बहुतेक मॉर्टरची गोळा डागण्याची नळी आतून गुळगुळीत असल्यामुळे गोळा हवेत स्थिर ठेवण्याचे काम पंख करतात. साध्या तोफेच्या गोळ्याला पंखांऐवजी तांब्याचा पट्टा असतो आणि डागलेल्या गोळ्यावर त्या पट्ट्यावर तिरप्या खाचा उमटलेल्या दिसतात. जागाही या निष्कर्षाशी जुळते. नॉर्मंडीच्या चढाईसाठी १९४३ पासून अमेरिकी सैन्य याच भागात सराव करीत होते, आणि सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या नौकांच्या त्यांनी बांधलेल्या काँक्रीटच्या प्रतिकृती बरोजमध्ये आजही आहेत. त्यामुळे अमेरिकी ६० किंवा ८१ मिलिमीटरचा गोळा ही पहिली शक्यता मी धरेन. ब्रिटिश दोन इंची गोळा साधारण ५१ मिलिमीटरचा, म्हणजे याहून बारीक असतो.

सागरवेळ:
मग जाडी मोजून पाहू का?

खाडीकाठ:
कृपा करून मोजू नका. स्फोटानंतर शेपटी पुष्कळदा जवळजवळ अखंड उरते, म्हणून ती एकटी सापडणे नवलाचे नाही. आपल्या वर्णनात खरी काळजी त्या दुसऱ्या लोखंडाची आहे, कारण ते न फुटलेल्या गोळ्याचे धड असू शकते. गंजामुळे रंगखुणा नाहीशा होतात, त्यामुळे तो सरावाचा, स्फोटक की धुराचा हे बाहेरून ठरत नाही. धुराच्या काही गोळ्यांत पांढरा फॉस्फरस असतो आणि कवच फुटून त्याला हवा लागली, की तो आपोआप पेटतो. शेपटीतही न उडालेले काडतूस असू शकते, म्हणून तीही नेऊ नये. आल्या वाटेने दूर व्हा, ९९९ वर फोन करून कोस्टगार्ड मागा, आणि जागेची खूण व छायाचित्रे त्यांना द्या. भरती येण्याआधी हे करा, कारण पाण्याने वाळू सरकली तर तीच वस्तू पुन्हा शोधणे बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाला फार कठीण जाते.