खेकड्याचं सूप पांचट होतं त्याचं कारण
‘खेकड्याचं सूप म्हणजे नुसतं तिखट पाणी’ असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात मान्य नाही. नुसत्या नांग्या उकळल्या तर पाणीच मिळणार. खरी चव बारीक पायांत असते. ते थोडं पाणी घालून वाटायचे (मिक्सर चालतो) आणि फडक्यातून घट्ट पिळून घ्यायचे, नाहीतर कवचाची कचकच दाताखाली येते. हा राखाडी रस लसूण-मिरीच्या फोडणीत ओतून मंद आचेवर सतत ढवळायचा. हात थांबला की फुटून त्याच्या गुठळ्या होतात.

आमच्याकडे पावसाळ्यात सर्दी-पडशाला शेतातल्या काळ्या खेकड्यांचं हेच देतात. सर्दी जात नाही, पण चोंदलेलं नाक मोकळं होतं. खेकडे मात्र जिवंतच घ्या, आणि कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्याला हे देऊ नका.