सदाशिव पेठेतलं तयार घर घ्यायचं आहे, एक वारस अमेरिकेत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पेरुगेटजवळ एक जुना फ्लॅट आम्हाला मनापासून आवडला आहे. इमारत 1980 च्या आसपासची, दुसरा मजला, लिफ्ट नाही. पण आतलं सगळं काम नुकतंच झालंय. वायरिंग, नळ, ओटा, खिडक्यांच्या जाळ्या, सगळं नवं. सामान आणलं की राहायला लागायचं. मालक 95 लाख म्हणताहेत.

वस्ती कशी आहे ते माहीत आहे. आसपास अभ्यासिका आणि मेस, चहाच्या टपरीवर रात्री उशिरापर्यंत स्पर्धा परीक्षांची मुलं, गणपतीत ढोल-ताशे, आणि पार्किंग फक्त एका दुचाकीपुरतं. आम्हाला हीच वर्दळ हवी आहे. सासूबाई मंडईत चालत जाऊन भाजी आणू शकतील. माझं ऑफिस शिवाजीनगरला, आणि 2024 च्या सप्टेंबरात भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून मंडई स्टेशनवरून तो प्रवास अगदी सोपा झालाय. तेव्हा एवढ्या पैशात बाहेरच्या बाजूला मोठं घर मिळेल हा सल्ला कृपया नको, तो विचार करून झाला आहे.

खरी अडचण कागदांची. फ्लॅट मालकांच्या वडिलांच्या नावावर होता, आई-वडील दोघेही आता नाहीत. मृत्युपत्र नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं, म्हणजे याच मालकांचं, नाव आहे आणि विकायला तेच पुढे आलेत. त्यांची बहीण अमेरिकेत असते. एजंट म्हणतो, "नॉमिनी आहेत ना, मग झालं. ताईंची सही नंतर घेऊ, तुम्ही इसार देऊन टाका." माझ्या समजुतीप्रमाणे नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बहिणीचा हिस्सा तिचाच राहतो. तिची सही झाल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही यावर मी ठाम आहे. मालकही सरळ माणूस वाटतात, त्यांनी नाही म्हटलेलं नाही.

प्रश्न आहे तो मार्ग कोणता घ्यावा याचा. बहिणीने आधी भावाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं आणि मग भावाने एकट्याने विकावं? की खरेदीखतावर दोघांनी विक्रेते म्हणून यावं? दुसऱ्या मार्गात टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कर कापून भरण्याचा, मुद्दा येतो. भावाच्या वाट्यावर एक टक्का ठीक, पण बहीण अनिवासी असल्यामुळे तिच्या वाट्यावर भांडवली नफ्याच्या दराने कापावा लागेल, आणि कापायची जबाबदारी आमच्यावर. दोन्हींत ती स्वतः येऊ शकली नाही तर कुलमुखत्यारपत्र लागणार. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करायचं, एवढं कळलं आहे. पुण्यात अलीकडे हे कोणी केलं असेल तर सगळ्याला किती काळ लागला, आणि दुय्यम निबंधकांकडे नेमकं काय अडलं, ते जरूर सांगा.

दुसरी शंका मुद्रांक शुल्काची. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं तर 7 ऐवजी 6 टक्के, म्हणजे 95 हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत जाते. पण कर्ज दोघांच्या पगारावर मिळणार आहे. नवरा फक्त सहकर्जदार, मालकीत नाही, असं बँका चालवून घेतात का?

शेवटचं म्हणजे जमिनीचं. सोसायटी नोंदलेली आहे, पण कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, झालेलं नाही, मिळकत पत्रिकेवर अजून मूळ जागामालकांचं नाव आहे. मानीव अभिहस्तांतरणाचा (जागामालकाच्या सहीशिवाय सरकारी आदेशाने कन्व्हेयन्स करून घेण्याचा) अर्ज करू असं सेक्रेटरी म्हणतात. पुढेमागे पुनर्विकास व्हायचा तर हे आधी व्हायलाच हवं, म्हणून याच मुद्द्यावर किंमत कमी करून मागणं रास्त आहे का? आणि साधारण किती?

मालकीच्या गेल्या तीस वर्षांच्या नोंदी तपासणारा सर्च रिपोर्ट काढायला वकील शोधतेच आहे. पेठांमधल्या जुन्या मिळकतींची कामं नेहमी करणारे कोणी माहीत असतील तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. मालकांना पुढच्या आठवड्यात उत्तर द्यायचं आहे.