मदत हवी आहे: निवृत्तीसाठी गुंतवणूक सुरू करण्यास मी तयार आहे का, हे कसे तपासावे?

नमस्कार. माझे वय ४२ असून साठाव्या वर्षी निवृत्त होण्याचा मानस आहे. पैसे कोणत्या योजनेत घालावेत, हा माझा प्रश्न नाही. मधल्या अठरा वर्षांत हात न लावता रक्कम गुंतवून ठेवण्याइतकी माझी आर्थिक बैठक पक्की आहे की नाही, हे कोणत्या निकषांवर ठरवावे, एवढेच विचारायचे आहे.

आरोग्यविमा आणि टर्म इन्शुरन्स आहे. सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बचत खात्यात आहे. कर्जे दोन आहेत. वैयक्तिक कर्जावर १४ टक्के व्याज जाते आणि ते मुदतीआधी फेडणे म्हणजे तेवढाच खात्रीचा परतावा मिळवणे असल्यामुळे ते आधी संपवायचे, हे ठरले आहे. गृहकर्जाचा व्याजदर मात्र कमी आहे आणि ते पुरते फिटेपर्यंत थांबलो, तर चक्रवाढीला सर्वांत उपयोगी पडणारी सुरुवातीची वर्षे हातची जातील, अशी भीती वाटते.

किती रक्कम लागेल याचा हिशेब करताना अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ साली मांडलेला ४ टक्क्यांचा नियम वाचनात आला. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी जमा रकमेच्या ४ टक्के काढायचे आणि पुढे दरवर्षी तो आकडा महागाईनुसार वाढवायचा. म्हणजे वार्षिक खर्चाच्या २५ पट रक्कम हाताशी हवी. महागाई ६ टक्के धरली, तर अठरा वर्षांत खर्च सुमारे २.८५ पट होतो आणि लागणारी रक्कम आजच्या वार्षिक खर्चाच्या ७१ पट दिसते. (आजच्या पैशांत ती २५ पटच असते, हे कळते, तरीही आकडा पाहून छाती दडपते.) शिवाय तो नियम अमेरिकी बाजाराच्या इतिहासावर आणि तीस वर्षांच्या निवृत्तिकाळावर बेतलेला आहे. इतर देशांतल्या माणसाने त्यावर कितपत विसंबावे?

खरी अडचण जोखमीची आहे. सल्लागाराने भरून घेतलेल्या प्रश्नावलीनुसार मी ‘आक्रमक’ गुंतवणूकदार ठरलो, पण त्यातले बहुतेक प्रश्न स्वभावाविषयी होते. बाजार पडला तर मी घाबरणार नाही, हे एक वेळ मान्य करू. पण त्याच सुमारास नोकरी गेली तर न घाबरताही मला तोट्यात विक्री करावी लागेल, आणि निम्म्यावर आलेली गुंतवणूक मूळ पदावर यायला १०० टक्के वाढ लागते. निवृत्तीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अशी घसरण झाली, तर दरमहा पैसे काढणाऱ्याचे नुकसान पुढच्या तेजीतही पूर्ण भरून निघत नाही.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे: जोखीम सोसण्याची मानसिक तयारी आणि प्रत्यक्ष ऐपत यांत तफावत असेल, तर ऐपतच प्रमाण मानावी का, आणि ती कशी मोजावी? घरात कमावणारी व्यक्ती एकच असताना सहा महिन्यांचा आपत्कालीन निधी पुरेसा धरावा का? गृहकर्ज चालू ठेवून गुंतवणूक करणाऱ्यांनी दोन्हींतले प्रमाण कशाच्या आधारे ठरवले? विशिष्ट फंडांची नावे सुचवू नयेत, ही विनंती.